सुट्टी मालकाची, उठाव गुलामांचा : नाताळचा इतिहास आणि आपला २५ डिसेंबर

डिसेंबर संपत आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरतात. एका पोस्टमध्ये मनुस्मृती दहन दिनाच्या शुभेच्छा असतात. दुसऱ्या पोस्टमध्ये नाताळावर टीका असते : हा परक्यांचा सण, हा बाजाराचा सण, बौद्धांचा त्याच्याशी काय संबंध? नाताळ साजरा करा, असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. आपला मार्ग बाबासाहेबांनी १९५६ साली दाखवलेला आहे. पण ज्या सणावर आपण एका ओळीत निकाल देतो, त्याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा, असं मला वाटतं. कारण तो इतिहास नुसत्या केक आणि सांताक्लॉजचा नाही. त्यात गुलामांच्या वस्त्या आहेत, पळून गेलेली माणसं आहेत, मजुरीसाठी झालेला संप आहे आणि फाशीचे दोरही आहेत.

तारीख कुठून आली?

आधी मूळ गोष्ट पाहू. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठेही नाही. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांतच जन्माची कथा येते. मार्क आणि योहान यांना जन्मकथा सांगायची गरजही वाटली नाही. २५ डिसेंबर या तारखेचा सगळ्यात जुना लेखी पुरावा सापडतो तो रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात, म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी.

हीच तारीख का, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते रोमन लोकांच्या सूर्यदेवाच्या उत्सवाला उत्तर म्हणून ती निवडली गेली. काहींच्या मते येशूचा गर्भसंभव २५ मार्चला मानून पुढे नऊ महिने मोजले गेले. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला हा सण पाळतं. जुनं ज्युलियन कॅलेंडर मानणारी रशियासारखी चर्च ७ जानेवारीला पाळतात.

म्हणजे सण आकाशातून पडत नाहीत. ते माणसं घडवतात आणि ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांचा त्या घडणीत मोठा वाटा असतो. डिसेंबरात रोममध्ये सॅटर्नेलिया नावाचा सण असे. त्या दिवसांत मालक गुलामांना आपल्या पंगतीला बसवत, कधी स्वतः वाढत. सण संपला की गुलाम पुन्हा गुलाम. 'चार दिवसांची समता' ही कल्पना किती जुनी आहे, हे यावरून लक्षात येईल.

ख्रिश्चनांनीच घातलेली बंदी

आपल्याकडे समज असा की सगळे ख्रिश्चन पहिल्यापासून नाताळ साजरा करत आले. तसं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या प्युरिटन पंथाच्या लोकांनी नाताळाला कडाडून विरोध केला. बायबलात नसलेला हा सण म्हणजे दारू, जुगार आणि धिंगाणा, असं त्यांचं म्हणणं होतं. १६४७ साली इंग्लंडच्या संसदेने नाताळाचा सण रद्द केला. त्याच वर्षी कँटरबरी शहरात या बंदीविरुद्ध दंगल झाली. १६६० साली राजेशाही परत आली आणि सणही परत आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड लावला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली.

आज आपण पाहतो तो नाताळ बराचसा एकोणिसाव्या शतकात घडला. घर सजवणं, मुलांना भेटवस्तू, शुभेच्छापत्रं, सजवलेलं झाड हे सगळं तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या मध्यमवर्गात रुळलं. चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ साली आलं. पहिलं व्यापारी शुभेच्छापत्रही लंडनमध्ये त्याच वर्षी छापलं गेलं. एकीकडे गिरण्यांमध्ये पिचणारा मजूर आणि १८३४ च्या कायद्याने गरिबांना वर्कहाऊसमध्ये कोंडण्याची व्यवस्था, दुसरीकडे वर्षातून एक दिवस गरिबाला आठवून त्याच्या घरी कोंबडी पाठवणारा दयाळू श्रीमंत. डिकन्सला गरिबांबद्दल खरी कळकळ होती, यात शंका नाही. पण दया आणि हक्क यांतला फरक आंबेडकरी माणसाला कोणी शिकवायला नको.

फ्रेडरिक डग्लस यांनी ओळखलेला डाव

याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात लाखो काळे गुलाम कापूस आणि तंबाखूच्या मळ्यांवर राबत होते. त्यांचे मालक ख्रिश्चन होते, रविवारी चर्चला जात होते आणि नाताळही जोरात साजरा करत होते. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात बऱ्याच मळ्यांवर गुलामांना सुट्टी मिळे. दारू मिळे, थोडं जास्त अन्न मिळे, नाचगाण्याला मोकळीक असे, दुसऱ्या मळ्यावरच्या बायको-मुलांना किंवा आई-बापाला भेटायला परवाना मिळे. वरवर पाहिलं तर मालक किती दयाळू!

फ्रेडरिक डग्लस यांनी या दयेची चिरफाड केली. ते मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले, १८३८ साली निसटले आणि १८४५ साली त्यांनी आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. त्यात या नाताळच्या सुट्टीवर काही पानं आहेत. ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावीत.

डग्लस सांगतात की सुट्टीत काही गुलाम झाडू, चटया, टोपल्या विणत आणि चार पैसे जोडत. बाकीचे कुस्ती, शर्यती, नाच आणि दारू यांत बुडून जात. मालकांना हे दुसरे गुलाम जास्त आवडत. सुट्टीत काम करणाऱ्या गुलामाला नावं ठेवली जात. नाताळात दारू न पिणं ही लाजिरवाणी गोष्ट ठरवली होती. कोणाचा गुलाम जास्त पितो यावर मालक पैजा लावत. का? डग्लस यांचं उत्तर स्पष्ट आहे. बंडखोरी मनात साठू नये म्हणून वाफ सोडायला ही झडप ठेवलेली होती. ही सुट्टी बंद केली तर मळ्यांवर उठाव होतील, असं त्यांना वाटत होतं. दुसरा हेतू त्याहून वाईट. स्वातंत्र्य म्हणजे दारू पिऊन चिखलात लोळणं, असं गुलामाच्या मनावर ठसवायचं. आठवडाभर झिंगून, आजारी पडून, स्वतःचीच किळस येऊन तो पुन्हा कामावर जाईल आणि म्हणेल, यापेक्षा मालकाची चाकरीच बरी!

हॅरिएट जेकब्स या गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रीने १८६१ साली आपली कहाणी प्रसिद्ध केली. तिने आणखी एक बाजू दाखवली. १ जानेवारी हा गुलाम भाड्याने देण्याचा दिवस असे. त्या दिवशी आईपासून मूल तोडलं जाई. म्हणून नाताळच्या आठवड्यात गोरी घरं भेटवस्तू वाटत असताना गुलाम आया आपल्या मुलांकडे बघत दिवस मोजत असत. एकच सण, एकच देव, एकच मळा. पण मालकिणीचा नाताळ वेगळा आणि दासीचा वेगळा.

तीच सुट्टी, पण गुलामांच्या हातात

इतिहास इथेच थांबला असता तर नाताळ हा फक्त मालकांचा डाव ठरला असता. पण मालकाने दिलेली सुट्टी काही माणसांनी मालकावरच उलटवली.

१८४८ सालच्या डिसेंबरात जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात एलन आणि विल्यम क्राफ्ट या गुलाम पती-पत्नीने नाताळच्या सुट्टीचा परवाना मागून घेतला. एलन गोऱ्या रंगाची होती. तिने केस कापले, पुरुषाचा सूट घातला आणि आजारी गोऱ्या मळेवाल्याचं सोंग घेतलं. विल्यम तिचा नोकर बनला. तिला लिहिता येत नव्हतं; कुठे सही मागतील म्हणून उजवा हात झोळीत बांधून घेतला. रेल्वे आणि आगबोटीने शेकडो मैल प्रवास करून दोघं २५ डिसेंबरच्या सकाळी फिलाडेल्फियाच्या मुक्त भूमीवर उतरले. मालकाला पत्ता लागेपर्यंत सुट्टीचे दिवस गेलेले होते.

१८५४ च्या नाताळात हॅरिएट टबमन मेरीलँडमध्ये परत गेल्या. त्यांच्या भावांचा लिलाव नाताळनंतर लगेच होणार होता. भाऊ आई-बापाच्या झोपडीजवळ चाऱ्याच्या खोपटात लपले. आई नाताळचं जेवण रांधून पोरांची वाट बघत होती. ती रडून गोंधळ घालील या भीतीने तिला काहीच सांगितलं नाही. बाप मात्र अन्न घेऊन आला, तोही डोळ्यांवर पट्टी बांधून. उद्या मालकाने विचारलं तर 'मी पोरांना पाहिलं नाही' असं खरं सांगता यावं म्हणून! त्या बापाचा नाताळ डोळ्यांसमोर आणा. भाऊ सुटले.

आणि सगळ्यात मोठा नाताळ जमैकाचा, १८३१ चा. तेव्हा जमैका ब्रिटिशांची वसाहत होती आणि सुमारे ३ लाख गुलाम ऊस पिकवत होते. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली होती. तिच्यातून मोशेने इस्राएली लोकांना इजिप्तच्या दास्यातून सोडवल्याची कथा गाळली होती. दासांनी मालकांची आज्ञा पाळावी, हे वचन मात्र ठेवलं होतं. मित्रांनो, कोणी काय वाचावं हे ठरवणारे मनू फक्त आपल्याच देशात जन्मले असं समजू नका.

पण सॅम्युएल शार्प नावाच्या एका गुलामाला वाचता येत होतं. तो माँटेगो बे इथल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन होता. लंडनमध्ये गुलामगिरीविरुद्ध चळवळ चालू आहे, हे तो वर्तमानपत्रांत वाचायचा. प्रार्थनासभेच्या निमित्ताने त्याने मळ्यामळ्यांवर संघटना बांधली. मागणी साधी होती : नाताळची सुट्टी संपली की मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही. लोकांनी बायबलवर हात ठेवून शपथा घेतल्या. २७ डिसेंबर १८३१ ला केन्सिंग्टन मळा पेटला आणि संपाचं रूपांतर उठावात झालं. सुमारे ६० हजार गुलाम त्यात उतरले, असा अंदाज दिला जातो. उठावात १४ गोरे मेले. उलट गुलामांपैकी दोनशेहून अधिक लढाईत मारले गेले आणि तीनशेहून अधिकांना खटल्यांचा देखावा करून मारण्यात आलं. २३ मे १८३२ ला शार्पला माँटेगो बेच्या बाजारचौकात फाशी दिली.

पुढच्याच वर्षी, १८३३ साली, ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. त्यातही गंमत बघा. भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांना. गुलामांना एक पेनीही नाही. जमैकाने पुढे शार्पला राष्ट्रवीर घोषित केलं. इतिहासात त्या उठावाला 'ख्रिसमस रिबेलियन' असंही नाव आहे.

आपल्या मातीत नाताळ

'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज 'नाताल'वरून आपल्याकडे आला. वसई, मुंबई, गोवा इथे तो पोर्तुगीज सत्तेबरोबर रुजला. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशन आलं ते १८३१ साली, म्हणजे ज्या वर्षी जमैका पेटलं त्याच वर्षी. नगरच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली, हे आपण जाणतो. त्याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. डग्लस, शार्प, टबमन यांच्याशी आपलं नातं मी आज जोडत नाही. ते तात्यासाहेबांनी दीडशे वर्षांपूर्वीच जोडलं आहे.

नगर-मराठवाडा पट्ट्यातले कितीतरी ख्रिस्ती लोक मूळचे महार-मांग. त्यांच्या नाताळात करंज्या-चकल्या होतात, मराठी भजनं होतात, गव्हाणीचा देखावा होतो. गोठ्यात जन्मलेल्या, सुताराच्या घरच्या मुलाची गोष्ट गावकुसाबाहेरच्या माणसाला आपली का वाटली असेल, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्याला देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्याला देवच गुरांच्या गोठ्यात जन्मला हे ऐकून काय वाटलं असेल?

पण बाबासाहेब भावनेत वाहून गेले नाहीत. धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलं. ख्रिस्ती होऊनही जात सुटली नाही, हे त्यांनी दाखवलं. माणसाची अवस्था त्याच्या पूर्वकर्मामुळे असं हिंदू धर्म सांगतो आणि पूर्वजांच्या पापामुळे असं मिशनरी सांगतो. दोन्हीकडे दोष समाजव्यवस्थेचा नाहीच, हे त्यांचं निदान होतं. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर व्यक्त केला. पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे राहतो, हेही तोंडावर सांगितलं.

आजही तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींची दफनभूमी वेगळी आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेत सगळे शेजारी बसतील, पण मेल्यावर शेजार चालत नाही! दुसरीकडे सरकारने १९५० च्या आदेशाने दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या यादीत जागा मिळाली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. आपल्या सवलतीसाठी आपण ३४ वर्षं लढलो. मग त्यांच्या नाताळाची टिंगल करणारी पोस्ट टाकताना आपली बोटं अडखळत कशी नाहीत?

२५ डिसेंबर : महाड आणि कीळवेण्मणी

इंग्रजी अमदानीत नाताळच्या सुट्टीत कचेऱ्या-कोर्टं बंद असत आणि त्या आठवड्यात परिषदा, अधिवेशनं भरवण्याचा प्रघात पडला होता. काँग्रेसचं पहिलं अधिवेशनही २८ डिसेंबर १८८५ ला सुरू झालं. इतरांनी त्या सुट्टीत ठराव केले, अर्ज केले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही विसरू नये. शूद्राने आणि स्त्रीने वाचू नये असं सांगणाऱ्या व्यवस्थेला वाचणाऱ्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. म्हणून तो दिवस स्त्रीमुक्ती दिनही आहे.

आणि २५ डिसेंबर १९६८. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातलं कीळवेण्मणी गाव. दलित शेतमजुरांनी भाताची मजुरी थोडी वाढवून मागितली. जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या ४४ जणांना, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं, जिवंत जाळलं. हायकोर्टात जमीनदार निर्दोष सुटले. जमैकाच्या गुलामांची मागणी मजुरीची, कीळवेण्मणीची मागणीही मजुरीची. दिवस नाताळचा आणि शिक्षा मृत्यूची.

आपल्या जयंतीचं काय?

आता मुद्द्याचं बोलते. डग्लस यांनी केलेली चिकित्सा वाचून नाताळाला नावं ठेवणं सोपं आहे. ती चिकित्सा स्वतःला लावून बघणं अवघड आहे. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे एप्रिल आला की वॉर्डातल्या इच्छुक उमेदवारांचे फोन सुरू होतात. डीजेला पैसे मिळतात, टी-शर्टला मिळतात, रात्रीच्या 'सोयी'लाही मिळतात. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या लाईटबिलाला मात्र त्याच माणसाकडे पैसे नसतात. विहाराच्या ग्रंथालयासाठी कपाट मागितलं की तो फोन उचलत नाही. का? मेरीलँडच्या मालकाला झाडू विणणारा गुलाम आवडत नव्हता, झिंगलेला आवडत होता. कारण तेच आहे.

काही जण म्हणतील, ताई, वर्षभर अपमान सहन करणाऱ्या पोरांनी एक दिवस नाचायचंही नाही का? जरूर नाचावं. आपल्या बापाच्या जन्मदिवशी रस्त्यावर मान वर करून नाचणं यातही एक बंड आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न नाचण्याचा नाही. प्रश्न हा आहे की या आनंदाचा पैसा कोण देतो, आनंदाची पद्धत कोण ठरवतो आणि सण संपल्यावर आपण संघटित होऊन उठतो की हँगओव्हर घेऊन उठतो. शार्पच्या माणसांनाही सुट्टी मालकानेच दिली होती. त्यांनी ती सभेला वापरली.

म्हणून येत्या २५ डिसेंबरसाठी माझं सांगणं साधं आहे. सकाळी महाडची आठवण ठेवून विहारात जमा. पोरींना मनुस्मृती का जाळली ते पोरींच्याच तोंडून सांगू द्या. कीळवेण्मणीच्या ४४ जणांसाठी दोन मिनिटं उभे राहा. डग्लस यांच्या आत्मचरित्रातली ती पानं मराठीत समजावून सांगा. आणि संध्याकाळी वस्तीतल्या ख्रिस्ती घरी जा, करंजी खा आणि १९५० च्या आदेशावर त्यांच्याशी बोला. त्यांच्या धर्मात जाण्याची गरज नाही, त्यांना आपल्या धर्मात ओढण्याचीही नाही. गावकुसाबाहेरच्या दोन घरांनी एकमेकांची लढाई समजून घेतली तरी पुष्कळ आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!